गालावरचा फराटा

“हा धूर एकदाचा निघाला की बाई जरा तरी बरी दिसेल,” फ्राऊ केलर माझ्या बॉसला, उवेला, म्हणाल्या. मी मागे कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळत होते. फ्राऊ केलर म्युझियमच्या रेस्टोरर, म्हणजे जुनी चित्रं साफ आणि दुरुस्त करणाऱ्या.

चित्र शंभरएक वर्षांपूर्वीचं, तैलरंगातलं. काळ्या तळ्याकाठी पांढऱ्या कपड्यातली बाई, हातात वाळलेली फुलं, वर हिरवा चंद्र. तिच्या डाव्या गालावर डोळ्यापासून कानाकडे गेलेला काळा फराटा. चित्र बरीच वर्षं कुणाच्या तरी घरी शेगडीच्या वर टांगलेलं होतं. म्हणून तो धूर, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आमची जर्मनीतल्या येना शहरातली कंपनी चित्रं तपासायचे कॅमेरे बनवते. आदल्या दिवशी मी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली फोटो काढले होते. या दिव्यात जुनं व्हार्निश हिरवट चमकतं. त्यावर नंतर काही बसलं असेल, तर तेवढं काळं दिसतं. इथे अख्खा गाल चमकत होता. फराटा व्हार्निशच्या खाली होता. धूर नव्हे, रंग. पुसला की कायमचा गेला.

मी लगेच दोघांना मेल केली होती. तरी फ्राऊ केलरनी कापसाचा बोळा सॉल्व्हंटमध्ये बुडवला.

बोलायला हवं होतं. जर्मन वाक्य मनात जुळवेपर्यंत त्या चित्राकडे वळल्याही. खोलीच्या लाइटचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते बंद केलं.

“आल्झो! हे काय चाललंय!” अंधारात फ्राऊ केलर ओरडल्या.

आमचा दिवा अजून स्टँडवरच होता. तो लावला. गाल हिरवा चमकला. सगळा. बोळा बशीत परत गेला.

“हे कळवलं का नाहीस?” उवेने विचारलं.

“मेल केली होती.”

त्याने ती फोनवर शोधून मोठ्याने वाचली. “‘सवड मिळाली तर कदाचित गालाकडे एकदा बघता येईल का?’ मला वाटलं, तुला चित्र आवडलंय.”

मला तर ते ठणकावून सांगितल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून माझ्या मेलची पहिली ओळ ‘थांबा’ किंवा ‘चालू द्या’ एवढीच असते.

“पण मग हे आहे तरी काय?” फ्राऊ केलर म्हणाल्या. “सावली नाही. जखमही नाही.”

दोघं चष्मे सारखे करून बघत राहिले. मला कालच कळलं होतं.

“काजळ,” मी म्हणाले. “रडलीये आणि हाताने पुसलंय. पाठवणीच्या फोटोंत आम्ही सगळ्या अशाच दिसतो.”