मावशीची चाल

चहा पिऊन झाल्यावर कपाच्या तळाशी माशी दिसावी, तसं तोंड झालं राजमहंमदचं.

सून सुहाना मोबाईल धरून समोर उभी होती. पडद्यावर एक पोरगी दिसत होती. अंगात डेअरीचा निळा गणवेश, केसांना जाळी, डोक्यावर दुधाच्या पिशव्यांचं रिकामं क्रेट. पोरगी तीन पावलं चालली, थांबली, अख्खीच्या अख्खी मागे वळली आणि भिवया उंचावून म्हणाली, "कोण बया हाक मारतंय?" मागे कामावरच्या बाया खिदळल्या.

"बंद कर ते," राजमहंमद म्हणाला.

"अब्बा, पाच लाख लोकांनी बघितलंय."

"पाच लाखांनी बघितलं म्हणून चोराचा साव होतो का?"

आतून भांडी घासता घासता त्याची बायको लैला म्हणाली, "चाळीस वर्षं तुमी गावोगाव तेच करत फिरलासा. आता एका पोरीनं केलं तर एवढी मळमळ?"

"मी माझं केलं! हिनं माझं उचललं!"

खरं तर मळमळ कालपासूनच होती. इंदापूरच्या स्टँडवर चहावाल्याने बशी पुढे सरकवत विचारलं होतं, "काय चाचा, रविवारी बारामतीत त्या पोरीची नक्कल करणार म्हणं तुमी?" आजूबाजूचे हसले. राजमहंमदने चहा तसाच ठेवला आणि उठला. नक्कल! त्याने, त्या पोरीची!

राजमहंमदला मावशी या नावानेच मुलूख ओळखत होता. बाप भांड्यांना कल्हई करायचा, पोराने भाता ओढावा एवढीच त्याची अपेक्षा होती. पण सोळाव्या वर्षी पोरगा सोनबांच्या तमाशाच्या फडात गेला तो तिकडचाच झाला. आधी पडदा ओढला, मग झांजा वाजवल्या, आणि बाविसाव्या वर्षी त्याला गवळणीतली मावशी मिळाली. गवळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांची ती म्होरकी, पिकलेली, चावट, पुरुषानेच करायची. प्रत्येक फडात एक मावशी असायची आणि सगळ्या सारख्याच वाटायच्या. राजमहंमदची मात्र चालच वेगळी होती. डोक्यावर पाटी, तीन पावलं, थांबणं, मागे वळणं आणि, "कोण बया हाक मारतंय मला, या वयात?" या वयात म्हणताना तो कंबरेला एक झटका द्यायचा. त्या झटक्यावर तंबू फुटायचा. टोप्या उडायच्या, म्हातारी माणसं खोकून खोकून लाल व्हायची. दुसऱ्या फडांच्या मावश्यांनी ती चाल उचलून पाहिली, पण लोकच त्यांना ओरडून सांगायचे, "ही राजमहंमदची हाय, तुझं तू काय तरी कर!"

म्हणून तर येत्या रविवारी बारामतीत त्याचा सत्कार होता. विजयसिंह नावाच्या एका उत्साही तरुण पुढाऱ्याने कलेसाठी मंच काढला होता. मानपत्रावर छापलं होतं, ‘मावशीच्या अस्सल चालीचे जनक’. आणि सत्कारानंतर ती चाल एकदा करून दाखवायची होती, शेवटची.

त्या अस्सल शब्दाखाली आता या पोरीचं क्रेट आलं होतं. रविवारच्या आत तिने ती रील काढून टाकली पाहिजे, नाहीतर स्टेजवर तो उभा राहील तो जनक म्हणून नाही, नकलाकार म्हणून. पोरीने आपल्या नावापुढे गाव लिहिलं होतं, संस्कृती, पिंपळी. राजमहंमदने इस्त्रीचा सदरा चढवला आणि बारामतीची एसटी धरली.

वाटेत निमगाव केतकीला गाडी थांबली. बाजाराचा दिवस होता. विड्याच्या पानांच्या गठ्ठ्यांवर ओली फडकी टाकलेली होती. हाच तो बाजार. बावन्न वर्षांपूर्वी फडाचा मुक्काम इथे होता आणि राजमहंमद सकाळी भजी खात बसला होता, तेव्हा त्याला ती बाई दिसली होती. डोक्यावर पानांची पाटी, पाय अधू असावा तशी तीन पावलं टाकून अडखळायची, मग सगळं अंग फिरवून मागे बघायची, "कोण बया हाक मारतंय?" आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. बिचारी लंगडी, थोडी वेडसरही असेल, असं त्याला वाटलं होतं. आणि त्याच रात्री त्याने ती चाल मावशीला दिली होती. मुलाखतीत तो हे अभिमानाने सांगायचा. "मी कुणाचं चोरलं न्हाय. मी जगण्यातनं उचललं." टाळ्या पडायच्या.

पिंपळीत घर सापडायला वेळ लागला नाही. दारात गोठा, गोठ्याला लागून पत्र्याची पडवी, पडवीत बाजेवर एक वाळकी म्हातारी. आतून तीच पोरगी बाहेर आली. गणवेश नव्हता, पण भिवया त्याच.

"संस्कृती तूच का?"

"व्हय. कोण पायजे?"

राजमहंमदने गळा साफ केला. बसमध्ये बसून त्याने सगळं भाषण जुळवलं होतं, आणि आवाज अजून तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा होता. "मी राजमहंमद. मावशी! जी चाल तू डोक्यावर क्रेट घेऊन चालतीस ना, ती चाल उभी करायला माझं आयुष्य गेलंय. कलावंताचं आयतं उचलायचं आणि नाव बी घ्यायचं न्हाय, ही कुठली रीत? आजच्या आज ती रील काढून टाक."

पोरगी गोंधळली. "कोण मावशी? मी तुमाला कधी बघितलं सुदिक न्हाय, तात्या."

"खोटं बोलू नगं!"

"आवं खरंच. ही आमच्या आज्जीची हाय. मी लहान असल्यापासनं ती करून दाखवती."

राजमहंमदने बाजेकडे बघितलं. म्हातारी त्याच्याकडे कधीची बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. तसंच तोंड त्याने स्वतः सकाळी केलं होतं.

"ह्योच तो," ती म्हणाली. "कंबर हलवणारा."

"आक्का, तुमी..."

"तानूबाई. निमगावात पानं इकायची मी."

राजमहंमद खाली बसला, पायरीवरच. पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं ते अगदीच बावळट होतं. "तुमचा पाय... आता बरा हाय?"

"माझ्या पायाला काय धाड भरली हुती?" तानूबाई ताठ बसली. "मी लंगडी वाटले व्हय रं तुला? आरं, मी सासूची नक्कल करत हुते! रंगूबाई म्हणून सासू हुती माझी. ऐकायला कमी यायचं तिला, म्हणून सारखं वाटायचं कुणी तरी हाक मारतंय. पाण्याला जाताना तीन पावलं झाली की थांबायची. घरात मला तोंड उघडायची सोय न्हवती. मग बाजारात उघडायची. पानं इकली की मी पाटी डोक्यावर घ्यायची आन् बाया म्हणायच्या, ताने, रंगूबाई काढ. सगळा बाजार हसायचा. माझ्यावर न्हाय, मी करायची त्याच्यावर."

संस्कृती दाराला टेकून ऐकत होती. "आज्जे, तुझ्या सासूला कळलं न्हाय कधी?"

"कळलं की. एक दिवस पाठीमागंच हुबी. माझं पाणी पाणी झालं. वाटलं, आता झिंज्या धरती. तर म्हणली, ‘मान चुकली, भवाने. डोक्यावर पाटी असल्यावर मान वळत न्हाय, आखी बाई वळती.’ आन् बाजारात सगळ्यांम्होरं करून दाखवलं तिनं. त्या दिवसापास्नं मी बरोबर केलं."

बावन्न वर्षं राजमहंमद सांगत आला होता, जगण्यातून उचललं म्हणून. आणि ते जगणं नव्हतंच. तो खेळ होता. त्या बाजारात एक नटी उभी होती, समोर प्रेक्षक होते, शिकवणारी गुरू होती, आणि हा कलावंत म्हणवणारा भजी खात बसून तिला लंगडी समजला होता.

"तुमी फडात बघितलं मला?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या साली यात्रेत. बायांनी तमाशा बघायची रीत न्हवती, कनातीच्या फटीतनं बघितलं. वाटलं, बया, ही तर आपलीच! बरं वाटलं जरासं. आन् मग तू ते केलंस." तिने बाजेवरूनच बसल्या बसल्या कंबर झटकली आणि आवाज जाड करून म्हणाली, "या वयात! ...थुंकले मी तितंच. माझ्या सासूनं कधी कंबर हलवली न्हाय. खाष्ट हुती, पण तसली न्हवती. तेवढं तुझं."

तेवढं तुझं. चाळीस वर्षांत या चालीत त्याने स्वतःचं घातलं होतं ते एवढंच होतं, एक झटका आणि दोन शब्द. बाकी सगळं दोन बायांनी तयार करून ठेवलेलं. अस्सल म्हणून त्याला हार पडायचे ते त्या झटक्याचे. त्याला आठवलं, झटक्यानंतर पुढच्या रांगेतले लोक कसले हातवारे करायचे, आणि तो त्यांना डोळा घालायचा.

"आक्का, रविवारी तुमी चला. शाल तुमाला घालायला लावतो."

"या उन्हाळ्यात शाल काय करू? उकडून मरंन." मग तिने काठी उचलली. "चालून दाखव."

"आत्ता?"

"न्हाय तर काय मुहूर्त बघायचा?"

संस्कृतीने आतून क्रेट आणून दिलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या राजमहंमदने ते डोक्यावर घेतलं. तीन पावलं, थांबला, वळला. आणि तोंडातून शब्द निघायच्या आत कंबर गेली. त्याने पाठवली नव्हती. आपली आपण गेली.

"शी!" तानूबाई म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा गेली. पोरगी हसू दाबत होती, म्हातारी नाही. चौथ्या वेळेला राजमहंमद क्रेट खाली ठेवून म्हणाला, "हाडात बसलंय, आक्का."

"मग हाडातनं काढ," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

रविवारपर्यंत इंदापूरच्या त्या दोन खोल्यांत लैलाचं पिठाचं पातेलं डोक्यावर घेऊन राजमहंमद चालत राहिला. "आवं, पीठ सांडतंय!" लैला ओरडायची. तो दाढी करताना आरशात बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. आरशातला तो चेहरा डोळा घालेल की काय, असं त्याला वाटायचं.

बारामतीत सभागृहाच्या दारात त्याचं वीस फुटी तोंड लावलेलं होतं. फ्लेक्सवाल्याने ओठ गुलाबी केले होते. खाली भलीमोठी अक्षरं होती, ‘या वयात!’

"विजयसिंहराव," तो म्हणाला, "ते जनक तेवढं खोडा. आन् ह्ये खालचं झाका."

"तात्या, फ्लेक्स कुठं खोडतात का? आणि वाचतंय कोण? लोक तुमची कंबर बघायला आल्यात." विजयसिंह मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच राजमहंमदला अधिक शिसारी आली.

हार झाले, नारळ झाला. माईक हातात आला.

"ही चाल माझी न्हाय," तो म्हणाला. "निमगाव केतकीच्या तानूबाईची हाय. आन् तिच्या आधी तिच्या सासूची, रंगूबाईची."

सभागृह हसलं. मावशी सुरू झाली, असं लोकांना वाटलं.

"हसू नका. मी चोरली ती. खरं सांगतोय."

आणखी हसले. मागून कुणीतरी शीळ घातली आणि ओरडलं, "मावशे, या वयात सासू?" मग तर खुर्च्या हलल्या. त्याचाच झटका, त्याचेच दोन शब्द, शेकडो तोंडांतून त्याच्या अंगावर परत आले. हे त्याने लावलेलं रोप होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हे.

त्याने माईक खाली ठेवला. सत्काराचं तबक उचललं, त्यातला नारळ बाजूला काढला आणि तबक डोक्यावर घेतलं. टाळ्या, शिट्ट्या. एक पाऊल. दोन. तीन. थांबला. कंबर जाग्यावर राहिली, आणि एक थकलेली, कमी ऐकू येणारी बाई मागे वळली.

"कोण बया हाक मारतंय?"

एवढंच. पुढचं तो बोललाच नाही. सभागृह वाट बघत राहिलं. कुणी हसलं नाही. कुठेतरी एक खोकला आला. मग मागच्या रांगेने स्वतःच "या वयात!" ओरडून घेतलं, हसून घेतलं, आणि विजयसिंह घाईघाईने म्हणाला, "टाळ्या झाल्या पाहिजेत!"

बाहेर मंडपातल्या खुर्च्यांशी तो घाम पुसत उभा राहिला. मानपत्र त्याने टेबलावरच ठेवलं होतं. संस्कृती गर्दीतून वाट काढत आली. शेवटच्या रांगेतून तिने सगळं मोबाईलवर घेतलं होतं आणि तिथूनच घरी पाठवलं होतं. आता तिने पिंपळीला फोन लावून आवाज मोठा केला.

"आज्जे, बघितलंस का?"

पलीकडून कोंबडी ओरडल्याचा आवाज आला.

"दोनदा बघितलं," तानूबाई म्हणाली. "कंबर बरी हाय."

राजमहंमदने डोळे मिटले.

"पण मान चुकली. आखी बाई वळती, म्हणावं त्याला."

संस्कृतीने त्याच्याकडे बघितलं. राजमहंमदने जवळची एक प्लॅस्टिकची खुर्ची उलटी केली, डोक्यावर घेतली आणि खुर्च्यांच्या दोन रांगांमधून पहिलं पाऊल टाकलं.