बसून वाजवलेली क्लॅरनेट

जब्बारभाई शेख राहायचे घोरपडे पेठेत आणि क्लॅरनेट वाजवायचे लग्नाच्या बँडमध्ये. वरातीत सगळ्यात पुढे ते, मागे ट्रंपेटवाले, त्यांच्या मागे ढोल. फटाके, गाड्यांचे भोंगे आणि नाचणाऱ्यांचा आरडाओरडा या सगळ्याच्या वर सूर काढायचा, तर छाती फुटेस्तोवर फुंकावं लागे. ऐकायला कुणी थांबत नसे. जब्बारभाईंना त्याचं वाईटही वाटत नसे. कामच ते तसं.

त्यांच्या बायकोने, नसीमने, त्यांना वरातीत वाजवताना कधीच ऐकलं नव्हतं. लग्नसराईत ते आज सासवड, उद्या लोणंद, ती घरी. तिने ऐकला तो फक्त घरचा रियाझ. एकच खोली, पडद्यापलीकडे अंथरुणाला खिळलेली तिची सासू, आणि भिंतीला भिंत लागून शेजारचं बिऱ्हाड. म्हणून जब्बारभाई दुपारी गोधड्यांच्या ढिगाकडे तोंड करून बसत आणि इतकं हलकं फुंकत, की स्टोव्हवरचा चहा उकळल्याचंही ऐकू यावं. सासूचा त्यातच डोळा लागे. पुढे सासू गेली, पण सवय राहिली. जब्बारभाईंच्या लेखी ते वाजवणं नव्हतंच. बोटं मोकळी ठेवायची, बस.

ब्याऐंशी सालच्या थंडीत त्यांच्या दारात अनंत परचुरे येऊन उभे राहिले. परचुरे कॉलेजात भूगोल शिकवत, आणि डेक्कनच्या बाजूला जे एक लहानसं कलादालन होतं, त्याच्या स्नेहीमंडळाचे चिटणीस होते. दालनावर जीव असलेल्या लोकांचं हे मंडळ. वर्षातून एका संध्याकाळी ते सगळ्यांना बोलवत. नवी चित्रं, चहा-फराळ, थोडं गाणं-बजावणं. परचुऱ्यांच्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाची गाडी रस्त्यात अडकली होती, तेव्हा ताटकळत उभ्या असलेल्या जब्बारभाईंनी एकट्यानेच थोडा पिलू राग वाजवला होता. तो परचुऱ्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

"एकट्यानेच यायचं," ते म्हणाले. "ढोल नको, चालणं नको. बसून वाजवायचं."

"बसून?"

"खुर्ची आम्ही देऊ. आणि वहिनींनाही आणा. आमच्याकडे नाचायची सक्ती नाही."

परचुरे गेल्यावर नसीम म्हणाली, "मैं क्या करूं उधर आके?"

"ऐकशील."

"रोज तर ऐकते."

"ते काही खरं नाही," जब्बारभाई म्हणाले. "खरं वाजवणं तू ऐकलंच नाहीस."

त्या संध्याकाळी ती ईदची फिकी हिरवी साडी नेसून निघाली. जब्बारभाईंनी शेरवानी घातली. बँडचा लाल कोट अंगावर नाही म्हणून त्यांना सारखं उघडं उघडं वाटत होतं.

दालन तसं छोटंच. पांढऱ्या भिंती, त्यांवर चित्रं, आणि चित्रांपुढे हळू आवाजात बोलणारी माणसं. एका कोपऱ्यात खुर्ची. नसीमला पहिल्या रांगेत बसवलं. जब्बारभाई खुर्चीत टेकले, आणि पाय हलत नाहीत म्हटल्यावर श्वास कुठे घ्यावा हेच त्यांना कळेना. आजवर पावलांवरच श्वास घेतलेला. शेवटी डोळे मिटून त्यांनी नेहमीसारखी छाती भरली आणि फुंकलं.

त्या बंद जागेत सूर असा फुटला की एका बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं. जब्बारभाई तसेच रेटत राहिले, कडव्यामागून कडवं, आणि घामाघूम होऊन थांबले. टाळ्या पडल्या, जरा घाईघाईनेच.

परचुरे वाकून कानाशी म्हणाले, "जब्बारभाई, वरात पोचली. आता कुणाला पुढे ढकलायचं नाहीये."

जब्बारभाईंनी नसीमकडे पाहिलं. तिने पदर कानांवर घट्ट धरला होता आणि ती त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. त्यांना एकदम लाज वाटली. हे आपलं खरं वाजवणं, हेच दाखवायला तिला इथवर आणलं!

ते उठून निघालेच असते. पण नसीमने पदर खाली घेतला आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "घरच्यासारखं."

त्यांनी क्लॅरनेटच्या तोंडाची रीड जिभेने ओली केली. खुर्ची जरा तिरकी फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि दुपारी घरी घेत तेवढाच श्वास घेतला. पिलूचा पहिला सूर इतका हलका आला की मागच्या लोकांना तो सुरू झाल्याचं आधी कळलंच नाही. मग एकेकाचं बोलणं थांबलं. गर्दीमुळे लावलेल्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली, तेव्हा कुणीतरी उठून तो बंद केला. नसीम मान खाली घालून बसली होती. या सुरांवर सासूचे पाय चेपले होते, तांदूळ निवडले होते, थोरल्या मुलाच्या तापात रात्री काढल्या होत्या. आज पहिल्यांदाच ती हातांत काही काम नसताना ते ऐकत होती, आणि तिचे डोळे भरून येत होते.

जब्बारभाई थांबले तरी टाळ्या वाजल्या नाहीत. मग चहा सांडलेल्या त्या बाई, सरदेसाईबाई, म्हणाल्या, "अजून आहे ना?"

होतं. जब्बारभाई त्यानंतर तासभर वाजवत राहिले.

लकडी पुलावरून चालत घरी जाताना ते म्हणाले, "आधीचं ऐकून घाबरलीस?"

"हो," नसीम म्हणाली. "वाटलं, हा माणूस कोण?"

"तोच तर रोज बाहेर जातो."

मग तिने क्लॅरनेटची पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली. "किती दमत असाल," ती म्हणाली.

पुढे दर थंडीत स्नेहीमंडळाचं बोलावणं येई आणि दोघं जात. बँड चालूच होता. दात हलायला लागले तेव्हा जब्बारभाईंचा तोही सुटला आणि क्लॅरनेटही. तरी परचुऱ्यांनी दोघांची नावं मंडळातून कमी केली नाहीत. दोघं श्रोते म्हणून येऊन पहिल्या रांगेत बसत. एका वर्षी सतार वाजवणारी एक मुलगी आली होती. मधेच नसीम जब्बारभाईंकडे झुकून कुजबुजली, "चांगलं आहे. पण तुमच्याइतकं नाही."

"गप बस, ऐक," जब्बारभाई म्हणाले, आणि बोळक्या तोंडाने, कुणाला दिसू नये असे, हसले.