शेजारचे पंच आणि रेवाची मान

मुलांनो, कबड्डीचा सामना वेळेवर सुरूच होऊ न देणारा पंच साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो पाथरीत आमच्या शेजारी राहतो. तुमच्या शाळेच्या फुटबॉलमध्ये धोकादायक टॅकल केलं की लाल कार्ड दाखवतात, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. मी ते त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "पाडल्यावर दाखवून काय फायदा, बाई? आधीच दाखवाया पायजे!"

शाळेतून निवृत्त झाले, पण शिट्टी गळ्यातच राहिली. सामन्याआधी खेळाडूंची नखं तपासायची हा नियमच आहे; हे मात्र पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांचीही तपासतात. "भांडणात तुमीच आधी आत घुसता," असं कारण देतात. दोन्ही संघांना उकिडवं बसवून मैदानातले खडे वेचायला लावतात. एकदा उद्घाटनाच्या पाहुण्यांनी मधल्या रेषेवर नारळ फोडला. करवंटी कुणाच्या तरी पायात जाईल म्हणून यांनी त्याच पाहुण्यांना, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, तुकडे वेचायला बसवलं. तेव्हापासून नारळ फाटकाबाहेर फुटतो आणि पाहुणे जरा कमी मिळतात. वरातीत कुणी नवरदेवाला खांद्यावर उचललं तरी यांची शिट्टी वाजते. आणि कैची तर यांची जन्माची वैरी. आपल्या पायांच्या कात्रीत दुसऱ्याचे पाय पकडून त्याला आडवं करायचं, तिला कैची म्हणतात. नियमात ती बंद आहे, पण गावोगावच्या मैदानांत तिला टाळ्या मिळतात.

गेल्या हिवाळ्यात तुमची आतेबहीण रेवा चढाईला गेली, समोरच्या मुलीनं कैची घातली आणि रेवा डोक्यावर आपटली. आपल्याकडे माणूस पडला की प्रेमापोटी दहा जण धावतात. एकानं तिच्या बगलेत हात घालायला घेतला, दुसरा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि एक जाणकार मान झटकून 'बसवायला' पुढे सरसावला. त्या सगळ्यांच्या आधी पंच पोहोचले. मातीत पालथे पडून त्यांनी रेवाचं डोकं दोन्ही हातांनी जागच्या जागी धरलं आणि ओरडले, "हात लावायचा न्हाई! समदे खाली बसा!"

अख्खं मैदान बसलं.

"अहो सर, पोरीला सावलीत तरी घेऊ द्या," सरपंच काकुळतीनं म्हणाले.

"सावली हिकडं आणा!"

लोकांनी सतरंजी उचलली आणि चार टोकं धरून तिच्यावर ताणली. मग पंच मला म्हणाले, "बाई, डोळ्यांनी तुमाला हुडकायलीय ती. समोर आडव्या व्हा, न्हाईतर मान वळवंल."

तुमची आजी, जिला साडीवर सुरकुती चालत नाही, भर मैदानात धुळीत आडवी झाली. रेवाच्या आणि माझ्या नाकांत वीतभर अंतर.

"आजी, तुझी साडी," ती पुटपुटली.

"राहू दे गं. माझ्याकडेच बघ."

रुग्णवाहिका येईपर्यंत पंचांचे हात तसूभरही हलले नाहीत. नंतर त्या हातांत असे गोळे आले की चहाची बशी मलाच त्यांच्या तोंडाशी धरावी लागली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याला तडा गेलाय, जागचा हललेला नाही. कुणी उचललं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले.

आता रेवाच्या मानेचा पट्टा निघालाय. पंचांना स्पर्धांची बोलावणी येत नाहीत. फार वेळ खातात म्हणे. संध्याकाळी मात्र ते आमच्या फाटकाशी येतात.

"वळव बरं."

रेवा अभ्यास बाजूला ठेवून मान आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवते. हल्ली अंधार पडला की त्यांना नीट दिसत नाही.

"वळवली का?"

"वळवली, सर."

"दुखलं?"

"न्हाई, सर."

"बरं," म्हणतात आणि हळूहळू घराकडे जातात. डॉक्टरांनी केव्हाच बरी म्हणून सांगितलंय, हे आम्ही दोघींनी अजून त्यांच्या कानावर घातलेलं नाही.