चौदावं होल

ज्या रेघेचं मोजमाप माझ्याकडे नाही, ती रेघ मी आयुष्यात कागदावर ओढली नाही, एकदा सोडून. तरुणपणी साताऱ्याकडे पाटबंधारे खात्यात मोजणीची साखळी ओढली, नंतर इकडे टोरोंटोत रस्त्यांचे नकाशे काढण्यात तीस वर्षं गेली. कोणी "साधारण इथे कुठेतरी दाखवा हो" म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. बायको चिडवायची, "मला बघायला आलात तेव्हा टेप घरी विसरलात वाटतं."

ती जाऊन दोन वर्षं झाली होती. एटोबिकोतलं घर तेच, डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानंही तीच, पण दिवसच्या दिवस मला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "बाबा, विंटर टायर्स बसवून घेतले ना? आणि सीरियसली, इकडे मूव्ह व्हायचा विचार करा. बेसमेंट फुल्ली फिनिश्ड आहे, सेपरेट वॉशरूम आहे." मी म्हणायचो, "बेसमेंटमध्ये ठेवायला मी काय बटाट्याचं पोतं आहे?" तो हसायचा. मग नात फोनवर येऊन "हाय आजोबा, लव्ह यू, बाय" एका दमात म्हणायची, आणि संपला रविवार. मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं मी सोडलं होतं. तिथे प्रत्येक जण "काही लागलं तर सांगा हं" म्हणायचा. मला बोलायला माणूस लागत होतं, आणि ते सांगायची लाज वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात कॅनडाला दीडशे वर्षं होणार होती. त्या डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला, आणि सकाळी पडदा सारून बघतो तर समोरच्या घरातला स्कॉटिश म्हातारा माझ्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हलने उपसतोय. पायात घरातल्या सपाता. वीस वर्षं समोरासमोर राहून आमचं नातं हात हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. मी दार उघडून ओरडलो, "हा माझा ड्राइव्ह-वे आहे!" त्याने माझ्या घराकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे स्वतःच्या घराकडे पाहिलं.

"खरंच की," तो म्हणाला. "पण आता अर्धा झालाय. पुरा करतो."

मी त्याला हाताला धरून आत आणलं, कोरडे मोजे दिले आणि आल्याचा चहा टाकला. गॅसवर दोन कपांचं आधण मी दोन वर्षांनी ठेवलं.

तो ब्याऐंशीचा होता, मी एकाहत्तरचा. मला तो 'लॅड' म्हणायचा, म्हणजे पोरा. मी मनातल्या मनात त्याला म्हातारा म्हणायचो, तेव्हा फिटंफाट. त्याने लग्न केलं नव्हतं. जन्मभर इथल्या एका गोल्फ क्लबचं गवत राखलं. शनिवारी एक भाची यायची, बाकी कोणी नाही. तिसऱ्या की चौथ्या चहाला त्याने सरळच सांगितलं. "मी विसरायला लागलोय, लॅड. डॉक्टर म्हणतो, आणखी विसरणार. तू नकाशे काढायचास ना? मग माझं एक मैदान काढून दे."

मैदान म्हणजे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं, त्याच्या गावचं गोल्फचं मैदान. आधी त्याचे वडील तिथलं गवत राखायचे आणि चोविसाव्या वर्षी बोटीत बसेपर्यंत तो. पुढे कोणी नव्या मालकाने ते उकरून तिथे तळी केली, झाडं लावली. जुनी अठरा होलं, म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडूच्या भोकापर्यंतचे अठरा पट्टे, आता फक्त म्हाताऱ्याच्या डोक्यात उरली होती, आणि तिथूनही निघून चालली होती. ती सगळी जाण्याआधी कागदावर यायला हवी होती. मी बेसमेंटमधून माझा ड्रॉइंग बोर्ड वर आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला, पेन्सिलीला टोक काढलं. कोणाला तरी माझी गरज लागली, याचा मला झालेला आनंद जरा जास्तच होता.

पहिल्याच दिवशी मी तोंडघशी पडलो. असल्या मैदानाला 'लिंक्स' म्हणतात, असं तो म्हणाला. मी मोजणीचा माणूस. आमच्या साखळीला शंभर कड्या असायच्या, आणि कडीला आम्ही लिंकच म्हणायचो. मी विचारलं, "पहिलं होल किती लिंक्सचं?" त्याला कळेना. मी वहीत गुणाकार करून दाखवला. ते बघून तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"कडी नव्हे रे! लिंक्स म्हणजे जमीन. समुद्राचीही नाही आणि शेताचीही नाही, मधली. समुद्र मागे सरला आणि वाळू टाकून गेला, तिच्यावर आखूड गवत आलं. नांगर घालून उपयोग नाही. म्हणून गावाने ती मेंढ्यांना सोडली. मेंढ्यांच्या मधून लोक चेंडू मारत सुटले, काही शतकांपूर्वी."

"आमच्याकडे याला माळ म्हणतात," मी म्हणालो. तोंडातून शब्द गेला आणि मी थांबलोच. तो माळ. आणि ती माळ, मण्यांची, एकात एक ओवलेली. यांच्या लिंक्समध्ये कड्या आणि पडीक रान एकत्र, तसेच आमच्या 'माळ' शब्दातही दोन्ही एकत्र. असलं काही सापडलं की मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "बरं, आता कोथिंबीर निवडा." त्या दिवशी मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो दोनतीनदा "माल, माल" म्हणाला. ळ त्याला शेवटपर्यंत जमला नाही.

मग रोज दुपारी आम्ही बसू लागलो. तो लांबी पावलांत सांगायचा आणि ग्रीनची, म्हणजे टोकाच्या भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीची, रुंदी गवत कापायच्या यंत्राच्या फेऱ्यांत. सातव्याला बावीस फेऱ्या, आठव्याला एकोणीस. यंत्राची पाती किती रुंद, हे त्याला पक्कं आठवत होतं, तेव्हा ते सोपं होतं. पावलांवरून मात्र भांडण. मी त्याला हॉलमध्ये चालायला लावून त्याचं पाऊल मोजलं, तर म्हणे, "हे ब्याऐंशीचं पाऊल आहे. तेव्हा मी विशीत होतो." शेवटी विशीतल्या त्याच्या पँटची लांबी विचारून मी हिशेब बसवला.

मला या मैदानाचा राग यायचा. कसलाही आराखडा नाही. झाडं नाहीत. इथली मैदानं नवव्या होलला क्लबपाशी परत आणतात, कोणाला दमायला झालं तर घरी जाता येतं. त्याच्या मैदानात नऊ होलं किनाऱ्याने सरळ लांब जायची, पाठीवर वारा घेऊन, आणि नवव्याला तुम्ही घरापासून सगळ्यात दूर. तिथून वळायचं आणि उरलेली नऊ तोंडावर वारा झेलत परत. धावफलकाच्या कार्डावर पहिल्या नवांच्या खाली 'आउट' लिहिलेलं आणि दुसऱ्या नवांच्या खाली 'इन'.

"आणि हे वाळूचे खड्डे इथेच का? मोजून मध्यावर का नाहीत?" मी विचारलं.

"ते मेंढ्यांना विचार. वारा सुटला की मेंढी उंचवट्याच्या आडोशाला बसते. रोज तिथेच बसते, अंग घासते. गवत जातं, वाळू उघडी पडते, मग वारा ती आणखी उकरतो. खड्डा तयार. माझ्या बापाने फक्त कडेला गवताच्या विटा रचल्या, ढासळू नये म्हणून."

त्यावर मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी कोणालाच सांगितली नव्हती, मुलालाही नाही. आमच्या गावावर माण तालुक्यातला मोठा माळ आहे. लग्नाला तीन महिने झाले होते आणि इकडचे कागद आले होते. ते सांगायला मी बायकोला माळावर घेऊन गेलो, घरात तेवढी मोकळीक कुठली. वारा असा की पदर आवरेना. धनगरांच्या मेंढरांनी मुरमात बसून बसून केलेला एक खळगा होता, त्यात उतरून आम्ही बसलो. रुमालात शेंगा होत्या. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. मी कॅनडाचं सांगितलं. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली आणि म्हणाली, "इथं वारा लागत नाही बघा. इथंच बसू या की."

मला शेवटची एसटी दिसत होती. मी मनगट धरून तिला ओढून उठवली. बांगडी रुतली तिला. आणि मग आयुष्यभर ती माझ्याबरोबर बर्फ उपसत राहिली, एका शब्दाने कधी बोलली नाही. म्हातारा ऐकत होता. त्याने माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "आता आठवं घेऊ."

जानेवारीत जाण्याची नऊ पुरी झाली. परतीची नऊ मात्र हातातून निसटायला लागली. दहावं, अकरावं आलं. बारावं त्याने तीन दिवस तीन प्रकारे सांगितलं. तेरावं नीट आलं. त्याच्यापुढे तो थेट पंधराव्यावर जायचा. पंधरावं, सोळावं, सतरावं, गावात शिरणारं अठरावं, सगळं फेऱ्यांसकट. मध्ये भोक. मी रोज विचारायचो, चौदावं? तो रोज म्हणायचा, "तेच की, ओढ्याजवळचं." ओढ्याजवळचं पंधरावं होतं.

मार्चच्या सुरुवातीला भाची सांगून गेली की म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये बेड मिळालाय, महिनाअखेरीला हलवायचं. ते घर गाडीने दीड तासावर. त्या दिवशी माझा तोल गेला. मी टेबलावर पट्टी आपटून ओरडलो, "आठवा ना! एवढं एकच तर राहिलंय!" म्हातारा खाली मान घालून बसला. थोड्या वेळाने पाहतो तर त्याच्या डोळ्यांतलं पाणी नकाशावर, नवव्या होलवर पडत होतं. त्याने ते स्वेटरच्या बाहीने टिपलं, शाई फिसकटू नये म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला घरी सोडून आलो आणि मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेन्सिल घेतली आणि चौदावं होल काढलं. मनाने. साफ अंदाजपंचे. तेराव्याच्या टोकापासून पंधराव्याच्या सुरुवातीपर्यंत जागा तेवढीच होती, त्यात मला येत होतं ते एकच रान बसवलं. आमच्या माळाचा उंचवटा, त्याची वाऱ्याकडची लांब चढण, आणि आडोशाला खळगा, दोन माणसं बसतील एवढा. मापं अगदी बरोबर आली, कारण तो माळ मी नोकरीत असताना स्वतः मोजला होता. शाई भरली आणि नकाशा गुंडाळून ठेवला. फसवणूक करतोय असंच वाटत होतं, आणि होतीच ती.

तो निघाला त्या दुपारी मी नकाशा घेऊन समोर गेलो. हॉलमध्ये खोकी भरलेली, भाची वर कपाटं रिकामी करत होती. खिडकीपाशी त्याच्या मांडीवर मी नकाशा उलगडला. मला त्याने ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण नकाशा ओळखला. पहिल्या होलवर बोट ठेवलं आणि किनाऱ्याने निघाला. हळूहळू नवव्यापर्यंत गेला, वळला, परत येऊ लागला. बारावं. तेरावं. आता तो म्हणणार, हे काय काढलंयस?

त्याचं बोट चौदाव्यावर आलं, चढण चढून पलीकडे उतरलं आणि खळग्यात थांबलं.

"इथे," तो म्हणाला. चेहरा एकदम उजळला. "इथे मी बसलो होतो, लॅड. बायकोला घेऊन."

या माणसाला बायको कधी नव्हती.

"काय वारा होता! आम्ही शेंगदाणे खात होतो. तिने चपला काढून ठेवल्या होत्या. म्हणाली, इथे वारा लागत नाही, इथेच बसू या."

पहिल्यांदा आला तो रागच. ते माझं आहे, असं अगदी ओठांवर आलं. तिची एवढी एक गोष्ट माझ्याजवळ होती, आणि ती मी अख्ख्या कॅनडात एकाच माणसाला सांगितली होती. आता तो ती घेऊन चालला होता. वरून भाचीने हाक मारली, गाडी सुरू करतेय म्हणून.

मी कसंबसं विचारलं, "मग?"

"मग काय?"

"मग... तुम्ही उठलात ना? बस गाठायची असेल."

"कसली बस?" तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. "ती म्हणाली बसू, म्हणून बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो होतो. कुठे जायचं होतं आम्हाला?"

भाची कोट घेऊन खाली आली. मी तिला हाताने थांब म्हणून खूण केली, खोकं ओढून त्याच्याजवळ बसलो, आणि म्हटलं, "परत सांगा."