योंगयांगवालीचे शेवटचे कपडे

अंदोंगच्या जुन्या बाजारात ओगिमच्या दुकानासमोरून जाताना माणसं आवाज खाली आणतात. आत मढ्याचे कपडे शिवतात म्हणून नव्हे, ओगिमच्या तोंडाला घाबरून. बाई शिवायला बसली की सुई तिच्या हातात चालते आणि सुरी तोंडात. पण अख्ख्या बाजारात कुणालाही विचारा, म्हाताऱ्या आईबापांचे शेवटचे कपडे कुणाकडे शिवायचे? डोळे मिटून ओगिमकडे बोट दाखवतील.

या कपड्यांना गाठ चालत नाही. दोऱ्याच्या टोकाला नाही, शिवण संपते तिथेही नाही. उलटा टाकासुद्धा चालत नाही. गाठ मारली की जाणारा अडकतो, मागच्यांच्या गळ्यात पडतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. अस्तर आणि वरचं कापड एकमेकांना धरून ठेवायला ओगिम टाचणी वापरत नाही. "एखादी आत राहिली तर? जिवंत माणूस आई गं म्हणून ओरडेल, मेलेल्यानं काय करायचं?" ती फक्त कच्चा दोरा घालते, लांब लांब टाक्यांचा, शेपूट सुटं सोडून. काम झालं की एका ओढीत तो बाहेर.

आणि अशा या ओगिमबद्दल तिची सासू म्हणाली, "तिच्या हातचं नको. ती गाठ मारेल."

सासू म्हणजे योंगयांगवाली. योंगयांग गावची म्हणून सगळा बाजार तिला त्याच नावानं हाक मारतो. नव्वदी कधीच ओलांडलेली, अंथरुणाला खिळलेली, पण जीभ धडधाकट. यंदा अधिक महिना आला होता. अधिकात देवांचं लक्ष नसतं, मढं उलटं टांगलं तरी कुणी विचारत नाही, म्हणून हे कपडे याच महिन्यात शिवायचे. म्हातारीला पुढचा अधिक दिसायचा नव्हता. तिनं धाकट्या सुनेला, मिरानला बोलावून सांगितलं, "तू शिव."

ओगिमला हे मिरानकडूनच कळलं. तिच्या हातातलं अंगुस्तान भिंतीवर जाऊन आपटलं.

"शिव ना मग! लाडकी सून तू. मला कशाला सांगायला आलीस?"

"ताई, मला येतं का हे? मी लग्नाचे झगे शिवणारी. माझा हात आपोआप गाठ मारतो."

"मग कापून टाक तो हात," म्हणून ओगिमनं दार लावून घेतलं.

अधिकाचा शेवटचा दिवस उजाडला. नियम असा की हे कपडे ज्या दिवशी बेतायचे, त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत पुरे करायचे. मिरान पहाटेच सासूच्या घरी जाऊन बसली. जवळच घर. दुपारी थंड शेवयांचा वाडगा पुढ्यात घेऊन ओगिम दुकानात बसली होती, पण शेवया नुसत्या चिवडत होती. कुणी मेलं तरी जाणार नाही, असं तिनं शेजारच्या मिरचीवालीला तीनदा ऐकवलं. मिरचीवाली म्हणाली, "मेल्यावर कपडे लागणार म्हणूनच तर हा खटाटोप, बाई." त्यावर ओगिमनं तिच्याही सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात मिरान धापा टाकत आली. काखेत सोनेरी वाखाचं कापड, आणि त्याच्या कडेला लाल, पिवळे, निळे प्लास्टिकचे चिमटे लागलेले.

"हे काय गं? मढ्याला जत्रेला नेतेस?"

"कच्चा दोरा घातला की माझ्या हातून गाठ पडते ताई. सकाळपासून चारदा उसवलं. टाचण्या तुम्हाला चालत नाहीत. म्हटलं, चिमटे लावावेत, त्यांना गाठही नाही, टोकही नाही."

"आणि मधे? मधलं कोण धरणार, तुझा नवरा? बघ, अस्तर कुठे पळालंय!"

खरंच, कडा शहाण्यासारख्या एकत्र होत्या आणि मधे घागऱ्याला पोट सुटलं होतं. मिरान रडायलाच लागली. "मावळायच्या आत नाही झालं तर आई तशाच जातील. परक्यानं शिवलेलं विकतचं घालून. ताई, पाया पडते."

ओगिम उठली. कापड उचललं नाही. पायात चपला सरकवल्या आणि तरातरा सासूच्या घरी जाऊन थेट तिच्या उशाशी उभी राहिली. मिरान कापड काखेत मारून मागोमाग धावली.

"मी गाठ मारीन म्हणालात?"

"म्हणाले." म्हातारीनं डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

"अख्ख्या बाजाराला कपडे घालून पाठवलंय मी. कुणाला माझी गाठ लागली, नाव सांगा! एक नाव सांगा!"

"त्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं?"

ओगिम तिच्या तोंडाशी वाकली.

"मी केलंय," म्हातारी म्हणाली. "दोन्ही वेळा मुली झाल्या तुला. बाळंतिणीसाठी समुद्री शेवाळाचं सार करायचं असतं सासूनं. मी चूल पेटवली नाही. हिला मुलगा झाला, तेव्हा पातेलं भरून केलं, आणि वाढायला तुला लावलं. तुझ्या जागी मी असते ना, एक नाही, दहा गाठी मारल्या असत्या."

या एका गोष्टीचं उत्तर ओगिमनं आयुष्यभर घोटून ठेवलं होतं. भांडी घासताना, शिवताना, सासूचं अंग पुसताना. आता म्हातारीनं स्वतःच सगळं बोलून टाकलं, आणि घोटलेलं सगळं फुकट गेलं. तिचा असा संताप झाला की कान तापले.

"हे आत्ता सांगताय? आत्ता? तेव्हा काय तोंड शिवलं होतं?"

"तेव्हा माज होता."

"आणि गाठ मारून तुम्हाला कुठे अडकवू? माझ्याच घरात? मेल्यावरही माझ्याच उरावर? एवढी खुळी नाही मी! अशी मोकळी पाठवते बघा, वाटेत एका टाक्याला अडखळणार नाही. तिकडे जा आणि तुमच्या सासूची धुणी धुवा!"

म्हातारी हसली. हसता हसता ठसका लागला. ओगिमनं तिला उठवून बसवलं, पाठ चोळली, आणि चोळताना शिव्या चालूच ठेवल्या. मग मिरानवर ओरडली, "बघतेस काय? ते चिमटे काढ नि दोरा ओव!"

दोघी बसल्या. ओगिम कच्चा दोरा घालत गेली, मिरान तिच्या मागून शिवत गेली. मिरानची बोटं टोकाशी वळायला लागली की ओगिम तिच्या हातावर फटका मारायची. घागरा झाला, विजार झाली, हात झाकायच्या पिशव्या झाल्या. ऊन भिंतीवरून उतरत असताना झग्याच्या गळपट्टीतून ओगिमनं कच्चा दोरा ओढून काढला. झालं.

"आण इकडे," म्हातारी म्हणाली.

ओगिमनं झगा तिच्या मांडीवर जवळजवळ फेकलाच. "घ्या, तपासा! खात्री करा!"

म्हातारीला दिसत नव्हतंच. ती बोटांनी शिवणी चाचपू लागली. बाह्या, काखा, पाठ. पुन्हा पहिल्यापासून. अगदी सावकाश. ओगिम कमरेवर हात देऊन उभी होती.

"काय? सापडली?"

"नाही."

"मग?"

म्हातारीचा हात गळपट्टीवर थांबला. "एखादी तरी मारायचीस गं," ती म्हणाली.

मिरानला वाटलं, आता ताई घर डोक्यावर घेणार. ओगिमनं झगा म्हातारीच्या हातातून काढून घेतला, घडी घालायला लागली. घडी जमेना. तीन वेळा उलगडली.

"गप पडा आता," ती ओरडली, पण आवाज मधेच फाटला. मिराननं घडी तिच्या हातातून घेतली.