काळं पडलेलं बिल

दुकानदारानं माझं बिल हातात घेतलं नाही. पेनाच्या टोकानं काउंटरवरून सरकवलं. ते खाली पडलं. मग हसला.

"हे काय आणलं? तव्यावर भाजून आणलं का?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. ती खुर्चीत होती. आम्ही मायलेकी उभ्या होतो.

जालना रोडवरचं काचेच्या दारांचं दुकान. तीन आठवड्यांपूर्वी याच माणसाकडून मी पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी घेतली होती. दुष्काळाचं साल. हर्सूल तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या, आणि आमच्या वस्तीत टँकर आठवड्यातून एकदा. शहर मात्र जोरात वाढत होतं. चिकलठाण्याकडं नव्या इमारतींच्या पाट्यांवर पोहण्याचे तलाव रंगवलेले होते. तिकडंच एका कंपनीत मी ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंग करायची. माझा दिवाळीचा बोनस आणि मायची भिशी, त्यातून टाकी आली. आणि एका सकाळी जोडावर उभी चिरली. आठवड्याचं पाणी गटारात. माय खळग्यातलं पाणी वाटीनं भरत बसली होती.

बिल काळं का? आमच्या घरात कागद म्हणजे जीव. एक कागद वेळेवर सापडला नाही, म्हणून बाप नोकरीला मुकला होता. तेव्हापासून जातीचा दाखला, रेशनकार्ड, माझी मार्कशीट, सगळं लॅमिनेशन करून ठेवायचं, ही त्याची शिस्त. वस्तीत घरोघरी हेच. मीही घेतल्या दिवशीच बिल लॅमिनेशनला दिलं. दुकानातल्या मशीनवर छापलेल्या तसल्या गुळगुळीत बिलाचा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे आम्हाला कोण सांगणार? लॅमिनेशनच्या मशीनमधून काळीकुट्ट पट्टी बाहेर आली. जे जपायला गेले, तेच घालवून बसले.

"राहता कुठं?" त्यानं विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. त्याला तेवढं पुरलं.

"मंग बराबर हाय. आख्खी वस्ती तुटून पडली आसंल टाकीवर. फुकटचं धान्य, फुकटचं शिक्षण, आता टाकी बी फुकट पायजे व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत मायनं हात जोडले. "साहेब, चुकलं आसंल आमचं. बगा काय व्हतं का."

टाकी फुटली आमची, पाणी गेलं आमचं, आणि हात जोडले मायनं! मला त्या माणसाची किळस आली. मायचा राग आला. आणि रस्त्यावर येईपर्यंत मी गप्प राहिले, याची लाज वाटली.

शाळेत ग्राहकाच्या हक्कांवर एक धडा होता. पाच मार्कांचा. पाठ करून मी पाचच्या पाच मिळवले होते. तो धडा आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही.

खाडा करून ग्राहक मंचात गेले. कारकून वर न बघता म्हणाला, "वकील लागत नाही. काय झालं ते स्वतः लिहा. प्रती जोडा." तो गोड बोलला नाही. पत्ता विचारला, पण पत्ता ऐकून हसलाही नाही. मी बाकावर बसून लिहायला घेतलं. आधी लिहिलं, ‘मी विनंती करते.’ मग ते खोडलं आणि लिहिलं, ‘माझं म्हणणं आहे.’

पहिल्या तारखेला दुकानदार आलाच नाही. दुसऱ्या तारखेला वकील पाठवला. वकील कपाळाला आठी घालून म्हणाला, "ही ग्राहक आहे याला पुरावा काय? बिलावर एक अक्षर नाही."

मी चिरलेल्या जोडाचे फोटो आणि गॅरंटी कार्ड पुढं केलं. कार्डावर दुकानाचा शिक्का होता, टाकीचा नंबर होता. माझं नाव नव्हतं. अध्यक्षबाईंनी ते नीट पाहिलं.

"या नंबरची टाकी कुणाला विकली, ते दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ना? पुढच्या तारखेला ती नोंद आणा."

पुढच्या तारखेला शेटजी स्वतः हजर. व्हरांड्यात मला गाठलं. "ताई, नवी टाकी आजच पाठवतो. तेवढी केस मागं घ्या. घरातल्या घरात मिटवू."

ताई! बिलाला बोट लावायचं ज्याच्या जिवावर आलं, तो आता घरातल्या घरात म्हणत होता. कुणाचं घर? याच्या घरी मायनं पाणी मागितलं असतं, तर पेला वेगळा निघाला असता.

माय कुजबुजली, "घे ना बाई. पानी कशात भरू मी?"

खरं होतं तिचं. इतके महिने ती टँकरमागं घागरी घेऊन पळत होती. गुडघे सुजले होते. मी हो म्हटलं असतं तर संध्याकाळी टाकी दारात आली असती. पण ती त्याची मेहेरबानी झाली असती, आणि उद्या चारचौघांत त्यानं सांगितलं असतं, दिली बिचारीला.

"आदेशात येऊ द्या," मी म्हणाले.

आला आदेश. दुकानाच्या नोंदीत माझं नाव निघालं. टाकी सदोष ठरली. नवी टाकी द्यायची, वर त्रासाचे आणि खर्चाचे पैसेही.

टाकी घेऊन दुकानाचा माणूस आला. सोबत टाइप केलेला कागद. ‘टाकी मिळाली. माझी काही तक्रार नाही.’ खाली सहीची जागा. मी दुसरं वाक्य आडवं खोडलं. वर लिहिलं, ‘तक्रार होती. मंचाच्या आदेशानं टाकी मिळाली.’ मग सही केली.

कंपनीत आमचा ठेकेदार दर पगाराला असाच कागद पुढं करायचा. ओव्हरटाइम बुडवायचा आणि ‘काही तक्रार नाही’च्या खाली बायकांच्या सह्या घ्यायचा. चार वर्षं मी न वाचता सही देत आले होते. त्या महिन्यात कागद पुढं आला. मी तो वाचला आणि परत केला.

"काम नको का तुला?" त्यानं विचारलं.

"काम पायजे," मी म्हणाले. "पण तक्रार हाय. लिहून आणलीय."

काढायचं तर काढ. त्या वाक्याखाली माझी सही आता कुणाला मिळणार नाही.