संडासाची कडी

जळगावच्या आमच्या चाळीत सोवळे इतके कडक होते की संडासाच्या दाराची कडी कुणी कधी धुतली नाही. मैला नेणारी बाई मागच्या बोळातून येई आणि तिकडूनच टोपली काढून नेई. पुढच्या अंगणात पाऊल टाकायची तिला बंदी. पण दार-कडी धुणे हे काम तिचेच मानलेले, म्हणून आमच्यापैकी कुणी ते केले तर तो बाटला. त्यामुळे त्या लोखंडी कडीला सगळ्या चाळीचे हात लागत आणि पाणी कुणाचेच लागत नसे.

त्या उन्हाळ्यात डोळ्यांची साथ आली. आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की आपलेही येतात, असा निकाल चाळीतल्या नानांनी दिला. नाना कचेरीत कारकून, म्हणजे आमचे विद्वान. झाले. मोठमोठे पुरुष एकमेकांची नजर चुकवत, मान खाली घालून संडासाकडे जात, चाचपडत कडी काढत आणि त्याच बोटांनी डोळ्यांतली चिपडे पुसत आत शिरत. बाहेर आल्यावर मातीने हात घासून शुद्ध होत. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असे.

माझे वडील सोनार. लग्नसराई तोंडावर होती आणि आमचे घर त्यांच्या डोळ्यांवर चालत होते. रोग्याच्या हातावरचे जंतू वस्तूला लागतात आणि वस्तूवरून दुसऱ्याच्या हाताला, असे मी आरोग्याच्या एका चोपड्यात वाचले होते. एका सकाळी मी उकळते पाणी आणि राख घेतली आणि कडी घासून काढली.

"काय रे, हा धंदा कधीपासून धरलास?" नानांनी ओट्यावरून विचारले.

"साथ हिच्यावरून पसरते, नाना."

शेजारची अक्का पदराने डोळे टिपत म्हणाली, "लोखंडले डोया येतस का रे भाऊ? तुन्ही चोपडीमा काय बी लिखेल शे."

लोखंडाला डोळे येतात म्हणे, म्हणून सारी चाळ हसली. मी शुद्ध होईपर्यंत आमच्या घराने संडासात पाऊल टाकायचे नाही, असे नानांनी ठरवले. वडिलांनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि मला अंघोळीला बसवले. नानांनी कडीवर गोमूत्र शिंपडले आणि ती पवित्र झाल्याचे दाखवायला स्वतःच्या हाताने उघडून दिली. त्यांचे डोळे तेव्हा कुंकवासारखे लाल होते आणि गालावर पाणी ओघळत होते. त्यांच्यामागून माझे वडील गेले.

दोन-तीन दिवसांत वडिलांचा डावा डोळा चिकटला. तरी ते एका डोळ्याने मंगळसूत्राचे मणी जुळवत बसले. मणी निसटत, ते जमिनीवर हात फिरवून शोधत. गिऱ्हाइकाने ते पाहिले आणि सोने उचलून दुसऱ्या सोनाराकडे नेले.

संध्याकाळी त्यांनी मला संडासापर्यंत सोबत यायला सांगितले. दाराशी त्यांनी कडीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"आधी धू," ते म्हणाले. "एक डोळा अजून शाबूत आहे."

"नाना ओट्यावर बसलेत," मी म्हणालो.

"बसू दे. त्यांना कुठे दिसतंय."

मी राख आणायला घरात गेलो.